दस्त्यावरच्या तीन खाचा

पोद्गोरित्सा, ३ मार्च

गाव्रोकाका,

तुमचं नाव आज मी संसदेत ऐकलं. आपल्या घरातलं कुणी तिथवर पोचेल असं बाबांना कधी वाटलं नसेल. पोचलं, ते हे असं.

खासदार पेयानोविच हातात कागद घेऊन उभे होते. म्हणाले, "डोंगरातल्या क्रुशेव दो गावच्या अकरा कुलप्रमुखांची मागणी आहे, की प्रत्येक इज्जतदार घराला एक स्वयंचलित बंदूक बाळगायचा हक्क कायद्याने मिळावा. पहिली सही, गाव्रो द्रागाश." मी वरच्या सज्जात बसले होते, मांडीवर आमच्या कार्यालयाचे तक्ते घेऊन. शेजारची सहकारी म्हणाली, "द्रागाश? तुझे कुणी लागतात?" मी म्हटलं, "काका. बाबा गेल्यावर त्यांनीच वाढवलं." "अगं बाई!" ती म्हणाली, आणि गोठ्यातून थेट बैठकीत आलेल्या माणसाच्या बुटांकडे बघावं तसं तिने माझ्याकडे बघितलं.

मी इथे काय काम करते ते तुम्ही गावात सांगत नाही, हे मला ठाऊक आहे. काकूकडून कळलंय, 'स्ताना सरकारी कोठारात आहे' असं तुम्ही सांगता. तर हे कोठार बंदुकांचं आहे. लोकांकडून परत घेतलेल्या बंदुका आम्ही मोजतो, नोंदवतो आणि कापायला पाठवतो. ३१ मेपर्यंत जो स्वतःहून आणून देईल, त्याला नावही विचारलं जाणार नाही. त्यानंतर ज्याच्या घरात सापडेल तो तुरुंगात जाईल. आणि आपल्या माळ्यावर काय आहे ते मला चांगलं माहीत आहे. बाबांनी लढाईवरून आणलेली, खांद्याला टेकायच्या लाकडी दस्त्यावर चाकूने तीन खाचा पाडलेली. त्या खाचांमुळे गाव आमच्याशी अदबीने बोलायचं. मी त्यांवरून बोट फिरवायचे आणि मोजायचे: तीन माणसं, तीन घरं, तीन आया. अकरा वर्षांच्या मुलीने असलं मोजू नये, काका.

तुमच्या खासदारांना विचारा. ही बंदूक तीन सेकंदांत तीस गोळ्या उडवते. तुमच्या चीजच्या खोलीवर एका वेळी किती चोर येतात? तीस? की इज्जतीला तेवढ्या लागतात?

आणखी एक लिहूनच टाकते. शेजारच्या वुकोमानला मुलगा झाला तेव्हा, तुमचं पाण्याचं भांडण सुरू होण्याआधी, तुम्ही त्याच्या आनंदासाठी आख्खं मॅगझिन आभाळात रिकामं केलंत. मुलीच्या जन्माला बार काढायची आपल्यात रीत नाही, ठीक. आम्ही तिघी बहिणी मुकाट्याने जन्मलो. तिसरीला तर आजीने नावच ठेवलं स्ताना, म्हणजे 'थांबा आता'. पण मी पदवी घेऊन आले, द्रागाशांच्या घरातली पहिली. त्या दिवशी तुम्ही अंगणात हात मागे बांधून उभे राहिलात. एक बार नाही. मुलाचं टाळकं दिसलं की तीस गोळ्या, आणि मुलीच्या चार वर्षांच्या अभ्यासाला शून्य. ही तुमची इज्जत, आणि हिच्यासाठी कायदा हवा.

उत्तर द्या, नाहीतर देऊ नका. बंदूक मात्र जमा करा.

स्ताना


क्रुशेव दो, १४ मार्च

सरकारी कोठारातल्या विद्वान पुतणीला,

तुझं पत्र बसवाल्याने दिलं. त्याने ते आधी वाचलेलं दिसतं, कारण हसत होता. पुढच्या वेळी नीट चिकटव. शिकलेल्यांना डिंक परवडत नाही का?

तीन सेकंदांत तीस गोळ्या! तू मोजत बस. इथे मोजायला दुसरं असतं. आपला झरा कुठे आहे ते विसरलीस का? त्याच्या वरचं रान वुकोमानचं. तीन वर्षांपूर्वी त्याच्या शेळ्या झऱ्यात उतरल्या, त्यानंतर आजतागायत त्याने कुंपणाच्या अलीकडे पाऊल टाकलेलं नाही. तुझे तक्ते बघून थांबला असेल? तो येतो, कुंपणाला टेकतो, आपल्या माळ्याच्या खिडकीकडे बघतो आणि परत जातो. एवढीच बंदूक. उडवावी लागत नाही. असावी लागते. ती नसलेलं घर म्हणजे शिंगं कापलेला बोकड, शेरडंही ढुशी देतात.

तुमच्या शहरात तुम्ही पोलिसाला फोन करता. इथे फोनला रेंज येते ती स्मशानाच्या टेकडीवर, आणि पोलीस येतो तो चीज न्यायला.

आणि आम्हाला रानटी समजू नकोस. मागच्या शरदात तोदोरच्या मुलाचं लग्न झालं. आम्ही अकरा घरची माणसं वऱ्हाड घेऊन खालच्या गावात गेलो. मुलीकडच्यांनी काठीवर सफरचंद बांधलेलं. ते गोळीने पाडल्याशिवाय दार उघडणार नाहीत. तर आमच्यातल्या एकानेही बंदूक आणली नव्हती! एकानेही! मुलीकडचे खिदळायला लागले, "क्रुशेव दोचे पुरुष हात हलवत आले!" वुकोमान म्हणाला, "आम्ही पोरकट नाही." मी म्हटलं, "आमच्या बंदुका सफरचंदांसाठी नाहीत." शेवटी मुलीच्या मामानेच आपल्या छऱ्याच्या बंदुकीने ते पाडलं. याला म्हणतात संयम. घाल तुझ्या तक्त्यात.

तुझ्या पदवीच्या बाराबद्दल: पदवी काय उडवल्याने मोठी होते?

सही मी केली, पहिली केली, आणि पुन्हा करीन. वुकोमानने माझ्याखाली केली म्हणून तो आठवडाभर जेवला नाही असं ऐकतो.

बरगडी अजून दुखते. 'मंत्री'ने लाथ मारली होती तीच. खेचराला मंत्री नाव ठेवलं ते बरोबरच ठेवलं.

काकू साय पाठवते आहे. बसवाल्याने खाल्ली तर कळव.

गाव्रो


पोद्गोरित्सा, २२ मार्च

काका,

साय पोचली. अर्धी.

तुमचा संयम वाचून मी हसले, आणि मग हसू आलं याची लाज वाटली. अकरा पुरुष घरी बंदूक ठेवून लग्नाला जातात आणि त्याचं पदक मागतात! माझ्या मावशीच्या मांजरानेही काल दूध सांडलं नाही.

पण तुमच्यासाठी आनंदाची बातमी आहे. पेयानोविचांचं विधेयक पुढे सरकलंय, आम्हाला वाटलं होतं त्याहून वेगाने. लोकांना भीती वाटू नये म्हणून त्यांनी त्यात नवीन कलमं घातली आहेत. कुलप्रमुखाने बंदूक प्रत्यक्ष दाखवायची. तिचा क्रमांक वहीत चढणार, आणि दारावर त्या क्रमांकाची पत्र्याची पाटी ठोकली जाणार, रस्त्यावरून दिसेल अशी. खासदार म्हणाले, "पाटी म्हणजे घराची इज्जत. चोराने वाचावं आणि चालू लागावं." अर्धी संसद बाकं बडवत होती. माझ्या समोरच्या बाकावरचा एक जण बडवताना झोपेतून उठला आणि तरीही बडवतच राहिला.

त्याहून मोठी बातमी म्हणजे मतदानाआधी नमुना म्हणून एक गाव घेणार आहेत. ज्या गावाने पहिली मागणी केली तेच. संत जॉर्जच्या सणाला, सहा मेला, खासदार स्वतः क्रुशेव दोला येतील. टेबल मांडतील, पाट्यांची पेटी आणतील, फोटोवालाही आणतील. एकेका कुलप्रमुखाने बंदूक टेबलावर ठेवायची. पहिली सही ज्याची तो पहिला.

अभिनंदन, काका. बाबांच्या त्या तीन खाचा वर्तमानपत्रात येतील. खाली तुमचं नाव असेल, माझं आडनाव. माझी सहकारी तो फोटो कापून भिंतीवर लावील.

स्ताना


क्रुशेव दो, ९ एप्रिल

स्ताना पोरी,

उशीर झाला. शेळ्या व्यायल्या.

त्या पाटीबद्दल तू लिहिलंस ते खरं आहे का? की मला डिवचायला लिहिलंस? बसवालाही तेच सांगतो, पण तो बसवाला.

पाटी! द्रागाशांच्या दारावर क्रमांक! कुत्र्याच्या गळ्यात असतो तसा! माझ्या पणजोबाच्या दारावर तुर्कांनी पाटी ठोकली नाही, आणि आता हा पेयानोविच ठोकणार? त्याचा बाप खालच्या गावात कोंबड्या विकायचा. सही केली ती हक्कासाठी, नोंदीसाठी नाही. हक्क आहे तर आहे. त्याला दाखवायचं काय? देवावर श्रद्धा आहे म्हणून कुणी देवाला टेबलावर आणून ठेवतो का?

मी विचार केला आहे. ते विधेयक पडलं पाहिजे. तुझ्या कार्यालयाने जोर लावावा. ते तक्ते तू म्हणतेस, त्यात अजून चार घाल. तीन सेकंदांत तीस गोळ्या हे मोठ्या अक्षरात लिही. एवढ्या गोळ्या कुणाला लागतात? विचार त्यांना. मी म्हणालो म्हणून सांग, पण नाव घालू नकोस.

आणि एक विचारायचं होतं, सहज. बंदूक दाखवावीच लागते का? की नुसता क्रमांक सांगितला तरी चालतं? एखादा माणूस त्या दिवशी आजारी असला तर? वुकोमानने विचारलंय असं समज. नाही, वुकोमानने नाही. असंच.

गाव्रो


पोद्गोरित्सा, १५ एप्रिल

प्रिय काका,

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. मग कार्यालयाच्या जिन्यात जाऊन रडले. आनंदाने.

मला वाटायचं, शब्दांनी डोंगर हलत नाही. सहकारी म्हणायच्या, "तुझ्या काकासारख्यांना पत्रं लिहून काय होणार? दगडावर लोणी फासण्यासारखं आहे." आणि तुम्ही लिहिता, एवढ्या गोळ्या कुणाला लागतात! माझा प्रश्न, काका, तुमच्या हस्ताक्षरात! समितीसाठी मी जे टिपण लिहिते आहे त्यात एक परिच्छेद घातला आहे: 'डोंगराळ भागातील एका ज्येष्ठ कुलप्रमुखाचे मतपरिवर्तन.' नाव घातलेलं नाही. पण समजावून सांगितलं तर माणूस बदलतो, हे मी त्यात लिहिलं आहे. चार वर्षं मी हेच शिकले होते आणि आज ते खरं ठरलं.

तर आता उरलेलं सोपं आहे. माळ्यावरून ती उतरवा आणि निकशिचच्या आमच्या केंद्रावर जमा करा. लोक बटाट्यांच्या पोत्यातून आणतात, कुणाला कळत नाही. म्हणजे सहा मेला तुम्ही त्या टेबलासमोर ताठ मानेने उभे राहाल आणि पेयानोविचला सांगाल, की मी विचाराअंती ती परत केली. केवढं होईल ते!

आजारी पडलेल्या माणसाच्या घरी खासदार स्वतः जाणार आहेत, असं कलम आहे. वुकोमानला सांगा.

तुमचा अभिमान वाटणारी,
स्ताना


क्रुशेव दो, २७ एप्रिल

स्ताना बाळ,

मी योकाकाकू. मला लिहायची सवय नाही, सांभाळून घे. तुझ्या काकांना ठाऊक नाही मी लिहिते आहे. बसवाला खाली थांबलाय, त्याला जेवायला वाढलं आहे म्हणजे तो जाणार नाही.

तुझं मागचं पत्र त्यांनी मला वाचून दाखवलं. त्या मतपरिवर्तनाशी आले आणि थांबले. म्हणाले, "पोरगी शहाणी आहे, पण गाढव आहे." मग जेवले नाहीत.

माळ्यावर काही नाही, बाळ. तीन वर्षं झाली.

वुकोमानच्या शेळ्या झऱ्यात उतरल्या तो दिवस. हे माळ्यावर चढले. मी शिडी धरली होती. उतरताना बघते तर हातात ती. तोंड असं झालेलं की मी ओळखलं नाही. तिसऱ्या पायरीवर आले. मी शिडी सोडून दिली. बरगडी मोडली ती तेव्हा. मंत्र्याला उगाच बदनाम करतात, त्या बिचाऱ्याने आयुष्यात कुणाला लाथ मारलेली नाही.

हे महिनाभर झोपून होते. उठले आणि बटाट्यांच्या पोत्यात घालून निकशिचला देऊन आले. तेव्हा पहिल्यांदा गोळा करत होते ना, नाव न विचारता, त्यात. परत येताना रस्त्यावरून ओरडत आले, "बटाट्याला भाव नाही!" गावाला ऐकू जावं म्हणून. त्या उन्हाळ्यात तू पदवी घेऊन आलीस. बार काढणार कशाने? लाटण्याने? अंगणात उभे होते आणि हात मागे बांधून एकमेकांत पिळत होते. मी मागे होते, मला दिसत होते.

आता सहा मेला बंदूक लागणार. परवा बाजार आहे. नदीपलीकडे एक माणूस आहे, तो खेचर घेऊन बंदूक देतो म्हणे. मंत्र्याला घासून पुसून ठेवलंय. मंत्री गेला की झऱ्यावरून पाणी मी वाहायचं. बंदूक पाणी आणते का?

ते म्हणतात, वुकोमानच्या दारावर पाटी आणि आमच्या नाही, तर झरा त्याच दिवशी गेला. तेही खोटं नाही. मला समजत नाही काय करावं. तू शिकलेली आहेस म्हणून लिहिलं.

बसवाल्याचं जेवण संपलं.

योका


पोद्गोरित्सा, २८ एप्रिल

काका,

काकूवर चिडू नका. तिचं पत्र आज दुपारी मिळालं. बसवाला बाहेर थांबला आहे, संध्याकाळी परत निघतो. हे पत्र तुम्हाला बाजाराआधी मिळालं पाहिजे.

आधी माझं. टिपणातला तो परिच्छेद मी फाडून टाकला. तुम्ही मला गाढव म्हणालात, ते कमीच आहे. गाढव निदान ओझं वाहतं. मी आठ आठ पानं भरून तुम्हाला तुमच्याच बंदुकीबद्दल शिकवत होते, आणि ती तीन वर्षांपूर्वी कापून, वितळवून झाली होती. बाराबद्दल जे लिहिलं ते परत घेते. अजून लिहिण्याची हिंमत नाही.

मग तळघरात गेले. पहिल्या वेळच्या वह्या तिथे आहेत. नावं नाहीत, आम्ही लोकांना तसा शब्द दिला होता. फक्त तारीख, जमा केल्याचं ठिकाण, प्रकार आणि खुणा. निकशिच, तीन वर्षांपूर्वीचा वसंत. ओळ सापडली: 'दस्त्यावर तीन खाचा, चाकूच्या. नळीत माती.' बटाट्याची असणार.

काका, त्या वहीत तेवढीच ओळ नाही. इतरही ओळी आहेत. आपल्याकडे प्रत्येक लग्नात, प्रत्येक बारशाला मी गावातली एकेक बंदूक पाहिलेली आहे. शेळ्या ओळखाव्यात तशा मी त्या ओळखते: कुणाच्या पट्ट्याला काय बांधलंय, कुणाच्या लाकडाला कुठे तडा आहे. पण तुम्हाला दिलेला शब्द तोच इतरांनाही दिलेला आहे. नोकरीवर रुजू होताना मी शपथ घेतली. ती मोडली तर उद्या कुणी काही आणून देणार नाही. म्हणून मी त्या ओळींबद्दल एक अक्षरही लिहिणार नाही, तुम्ही विचारलंत तरी.

एवढंच लिहिते. मंत्र्याला विकू नका. सहा मेला टेबलासमोर पहिले तुम्ही आहात. तिथे मोठ्याने सांगा, 'माझ्याकडे नाही.' मोठ्याने, वुकोमानला ऐकू जाईल असं. कारण विचारू नका. मी कारण देऊ शकत नाही. आजवर प्रत्येक गोष्टीची मी तुम्हाला चार चार कारणं दिली आणि एकही उपयोगी पडलं नाही. आज एकही नाही, नुसतं माझं म्हणणं आहे.

तुमचं हसं झालं आणि झरा गेला, तर मी राजीनामा देऊन गावी येईन आणि जन्मभर नदीवरून पाणी वाहीन. हे लिहून देते, खाली सही करते.

स्ताना द्रागाश


क्रुशेव दो, ९ मे

स्ताना,

बाजाराच्या दिवशी मी मंत्र्याला घेऊन निघालो होतो. पुलावर बसवाल्याने गाडी आडवी घातली आणि तुझं पत्र दिलं. मी तिथेच कठड्यावर बसून वाचलं. मग परत फिरलो. तुझ्या पत्रामुळे नाही. मंत्री पुलावर चढेना. नऊ वर्षं तो पूल ओलांडतोय, पण त्या दिवशी चढेना. जनावराचं काय सांगावं.

आता सहा मेचं ऐक. तू असतीस तर बरं झालं असतं. नव्हतीस ते जास्त बरं झालं.

तीन गाड्या आल्या. खळ्यावर टेबल मांडलं, त्यावर झेंडा, शेजारी पाट्यांची पेटी. पाट्या निळ्या आहेत, संडासावर असतात तशा. पेयानोविचने कोकराचं मांस खाल्लं, राकिया दारूचे चार पेले मारले आणि भाषण केलं. या डोंगरातला पुरुष, या डोंगरातलं लोखंड, असलं काहीतरी. कोंबड्या विकणाऱ्याचा मुलगा. मग म्हणाला, "पहिली सही गाव्रो द्रागाश! या, वीरा!"

मी गेलो. हात रिकामे. म्हणाला, "बंदूक कुठाय?"

मी म्हटलं, "माझ्याकडे नाही."

"घरी ठेवलीत? घेऊन या, थांबतो आम्ही."

"घरीही नाही. तीन वर्षांपूर्वी जमा केली. बटाट्यांतून."

पोरी, सगळं गाव माझ्याकडे बघायला लागलं. मला वाटलं, आता हसतील. मी वुकोमानकडे बघितलं. तो तांबडालाल झाला होता. ओरडला, "खोटं बोलतोय! मला उघडं पाडायला खोटं बोलतोय! ती माळ्यावर आहे, मी रोज खिडकीकडे बघतो!"

मी म्हटलं, "मग जा ना माळ्यावर. शिडी तुझी वहिनी धरील." काकू म्हणाली, "धरते, पण माझा भरवसा नाही."

गेला खरंच! सगळं गाव मागे. आतून आपटल्याचे आवाज. मग खाली आला, डोक्याला जळमटं लागलेली, आणि शेवटच्या पायरीवर बसला. म्हणाला, "मग मी तीन वर्षं कुणाला भीत होतो?"

मी म्हटलं, "आणि मी?"

तो मग म्हणाला, "मीही माझी गवताच्या भाऱ्यातून नेली. तू आजारी होतास ना, बरगडीने? मला वाटलं, मीच उद्या काहीतरी करून बसेन." पोरी, मी त्याच्या शेजारी जाऊन बसलो. काय करणार?

त्यानंतर रांगच लागली. तोदोर म्हणे चीजच्या पिंपातून. त्याच्या भावाने नदीत टाकली, त्याला शहरापर्यंत जायचाही कंटाळा. अकरा घरं, अकरा सह्या आणि बंदुका शून्य. तरी वाटलंच मला लग्नात, एकाच्याही हातात कशी नाही! प्रत्येकाला वाटायचं, आपणच तेवढे उघडे. तीन वर्षं आम्ही एकमेकांच्या खिडक्यांना भिऊन सभ्यपणे वागत होतो.

पेयानोविच म्हणाला, "हा काय तमाशा आहे?" फोटोवाला म्हणाला, "साहेब, कशाचा काढू?" तेवढ्यात मारुशा म्हातारी आली, ऐंशी वर्षांची, एकटी राहते ती. पदरात गुंडाळून खरी बंदूक घेऊन! कोंबड्यांच्या खुराड्याला अडसर म्हणून लावत होती. तिला सहीला कुणी विचारलं नव्हतं, बाई म्हणून. टेबलावर ठेवून म्हणाली, "मला द्या निळी पाटी. खुराड्याला लावते." त्यांचा कारकून म्हणतो, "आजी, अर्जात फक्त कुलप्रमुख पुरुष आहे." म्हातारी म्हणाली, "मग हिला घेऊन जा आणि मला एक लाकडी दांडा द्या." पेयानोविच गाडीत बसला तो निघालाच. पाट्यांची पेटी विसरला. त्याचं विधेयक पास होईल की नाही ते तुला ठाऊक. होईलही. बाकं बडवायला काय लागतं? पण नमुन्याचं गाव दुसरं शोधा म्हणावं.

मारुशाची बंदूक बसवाल्याबरोबर पाठवली आहे. नोंदवून घे. खुणा: कोंबड्यांची शीट.

झऱ्याचं मिटलेलं नाही, आनंदून जाऊ नकोस. काल वुकोमान कुंपण ओलांडून आला आणि आम्ही दोन तास भांडलो. घसा बसलाय. तीन वर्षांत पहिलं नीट भांडण. आता तो तोंडाने भांडतो आणि मीही. आज पुन्हा येणार आहे.

त्या इतर ओळींबद्दल तू लिहिलं नाहीस. मी विचारणारही नाही. तू शब्द पाळलास आणि मला तोंडघशी पाडायची तयारी ठेवलीस. माझी पुतणी शोभतेस.

एक राहिलं. तू पहिल्या पत्रात लिहिलंस, खाचा मोजायचे, तीन माणसं. आजवर मी बोललो नाही, कारण तू शाळेत सांगितलं असतंस आणि गाव आम्हाला भ्यायचं थांबलं असतं. आता भ्यायला काही उरलं नाही, तर ऐक.

तुझ्या बापाने माणूस मारला नाही. तो तिथे स्वयंपाकी होता. बंदूक त्याला सगळ्यांना देतात तशी दिली, त्याने तिच्यावर ओले मोजे वाळवले. परत आल्यावर खळ्यावर बसून चाकूने त्या खाचा पाडल्या. मी विचारलं, हे काय? म्हणाला, "पोरी झाल्या तेव्हा बार काढायची रीत नाही म्हणालात. मग कुठेतरी खूण तरी राहू दे." सगळ्यात खालची, वाकडी, ती शेवटची, तुझी. तिथे चाकू घसरून त्याचा अंगठा कापला होता. गावाने आपल्या मनाने माणसं मोजली. त्याने मोजू दिली.

घरातली पहिली पदवीधर, आणि तुला तीनपर्यंत मोजता आलं नाही.

गाव्रो